सोमवारी रात्री दीड

कॅलेंडरात एखाद्या कामाची वेळ सकाळी सात वाजून बारा मिनिटं अशी दिसली, की मी समोरच्याला पुढचं काही विचारत नाही. एखादा लग्नाचा मुहूर्त सोडला तर सात वाजून बारा मिनिटांनी कुणी कुणाला बोलावत नाही. घोटाळा टिंबाचा आहे, हे मला तिथल्या तिथं कळतं.

आपण वेळ लिहिताना मधे एक टिंब देतो. दीड म्हणजे १.३०, साडेपाच म्हणजे ५.३०. लग्नपत्रिकेत तसंच, एसटीच्या फलकावर तसंच, शाळेच्या वेळापत्रकात तसंच. कॉम्प्युटरला मात्र एकाखाली एक अशी दोन टिंबं लागतात. एकच टिंब दिसलं की तो त्याला दशांश चिन्ह समजतो, शेवटचं शून्य खाऊन टाकतो आणि उरलेल्या एक पूर्णांक तीनचा अर्थ लावतो, एक दिवस आणि वर दिवसाचे तीन दशांश. दिवसाचे तीन दशांश म्हणजे सात तास बारा मिनिटं. मग दीड असो, साडेपाच असो की साडेअकरा, सगळे निमूटपणे सात-बाराला येऊन उभे राहतात. बारामतीच्या माझ्या क्लासमध्ये हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहून दाखवलंय की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन.

सतरा वर्षं मी कॉम्प्युटर शिकवते. सासर कोऱ्हाळे बुद्रुकला, घरचा ऊस आहे, पण माझा जीव फायलींत. बिघडलेली फाईल समोर आली की हात शिवशिवतात. दुसऱ्या कुणी आधी हात लावला तर मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. घरचे म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही. नसेना का, फाईल तर दुरुस्त होते.

त्या वर्षी एप्रिलच्या तोंडाला माहेराहून तात्यांचा फोन आला. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या शिवारातली एक वस्ती. तात्या माझे सख्खे चुलते. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यापासून ते वस्तीवरच्या पाणी संस्थेचे सेक्रेटरी आहेत.

"पोरी, आर्ध्या वस्तीचा सातबारा एक झाला गं," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "जमिनीचा न्हवं, पाळीचा. आर्ध्यांना सात वाजून बारा मिंटं, बाकीच्यांना रातचं बारा."

मीही हसले. "तात्या, टिंब दिलंत ना मधे?"

"मग काय देऊ?"

पाळी म्हणजे पाण्याची पाळी. वस्तीची संस्था तलावावरून पाणी उचलते आणि पाइपलाइननं ज्याच्या त्याच्या रानात सोडते. प्रत्येकाला दीड तास. सगळ्या सभासदांचा फेरा पुरा व्हायला साडेआठ दिवस लागतात. आठवडा सात दिवसांचा आणि फेरा साडेआठचा, त्यामुळे पाळी दर खेपेला वेगळ्या वारी येते, आणि आज रात्री ज्याला पाणी मिळालं त्याला पुढच्या खेपेला दिवसा मिळतं. हिशेब न्यायाचा आहे, पण लक्षात ठेवायला कटकटीचा. तात्या पाळीचा कागद करून पंपाच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवतात. आपली वेळ झाली की आपल्या रानातला व्हॉल्व्ह आपण उघडायचा. पाव तासात नाही उघडला तर पुढच्या नंबरचा माणूस पाणी आपल्याकडे वळवू शकतो, आणि मग बोंब मारून उपयोग नसतो. पाणी परत साडेआठ दिवसांनी.

त्यात पंपाची मोटार जळाली होती. तिची तांब्याची तार नव्यानं भरून आणेपर्यंत दहा दिवस पाणी बंद होतं आणि रानं तापून गेली होती. आता नवा फेरा सोमवारी सकाळी सहाला सुरू व्हायचा होता. सभासदांनीच टुमणं लावलं होतं की या खेपेपासून पाळी फोनवर वाजली पाहिजे. तात्यांनी दोन महिन्यांचं पाळीपत्रक स्वतः टाइप केलं, कॅलेंडरात घालायला गेले, आणि अर्धी वस्ती सात-बाराला उभी राहिली.

शनिवारी दुपारी क्लास सुटल्यावर मी फाईल उघडली. टिंबं काढायला पाच मिनिटं लागली. मग तारखा. संस्थेच्या लॅपटॉपची रीजनल सेटिंग अमेरिकेची राहिली होती. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे सहा एप्रिलची पाळी चार जूनला जाऊन बसली होती. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्यांची अशीच उलथापालथ झाली होती. तेरापासून पुढच्या तारखा कॅलेंडर घेतच नव्हतं, कारण त्याच्या लेखी तेरावा महिना नसतो. सेटिंग भारताची केली, तारखा पुन्हा ओतल्या, झालं.

तिसरी अडचण मात्र खरी होती आणि ती मी सोडवली याचा मला फार अभिमान वाटला. तात्यांनी प्रत्येक वेळेपुढे सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री असं मराठीत लिहिलं होतं. सकाळी म्हणजे दुपारी बाराच्या आतलं, दुपारी आणि सायंकाळी म्हणजे नंतरचं, इथवर कुणालाही जमेल. पण 'रात्री' दोन्हीकडे जाते. रात्री नऊ वेगळी आणि रात्री दीड वेगळी. मी सूत्र लिहिलं: रात्रीपुढचा आकडा बारा किंवा एक ते तीन असेल तर तो मध्यरात्रीनंतरचा धर, नाहीतर आधीचा. एका फटक्यात सगळा रकाना चोवीस तासांच्या घड्याळात बसला. मी चहा मागवला आणि पडद्याकडे बघत बसले. लेकराला न्हाऊमाखू घालून पावडर लावल्यावर आई बघते ना, तशी.

मग प्रत्येक सभासदाची वेगळी छोटी फाईल केली. ज्याच्या फोनात त्याचीच पाळी वाजावी, दुसऱ्याची नको. फोनात 'पाणी' नावाचं एक वेगळं कॅलेंडर करायचं आणि त्यातच हे इंपोर्ट करायचं, म्हणजे उद्या काही बदललं तर तेवढंच पुसता येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे घोकून घेते. इंपोर्ट करताना आधी परतीची वाट बघून ठेवा.

रविवारी संध्याकाळी मी माहेरी गेले. मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि एकेकाचा फोन हातात घेतला. माहेरी गेलेल्या लेकीला सगळे जरा जास्तच मान देतात, आणि मीही तो घेतला. कुणी म्हणालं, "ताई, माझ्या फोनात चार्जिंगबी भरा." कुणी बायकोचा फोन लपवून स्वतःचाच पुढं केला. वस्तीतला एक पैलवान गडी फोन देताना म्हणाला, "आवाज मोठा ठिवा, मला बैलानं ढोसल्याबिगर जाग येत न्हाय."

सगळ्यात शेवटी वहिनी आली. ती आमच्या भावकीतली सून, म्हणून मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला वन्सं. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दीड एकर रान ती एकटी बघते. तिनं फोन पदराच्या टोकानं पुसून माझ्या हातात दिला.

"वन्सं, मला अक्षर न्हाय यीत," ती हळू आवाजात म्हणाली. "आकडं येत्यात. चालंल का?"

"वहिनी, ह्याला आकडेच लागतात," मी म्हणाले.

तिची गोष्ट वस्तीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. भिंतीवरच्या कागदात आपलं नाव कुठलं ते तिला वाचता येत नाही, म्हणून तिची पाळी तिला तिचा दीर सांगायचा. दिराचं रान तिच्या रानाला लागून, आणि यादीत तिच्या खालोखाल नंबर त्याचाच. दर दोन-तीन फेऱ्यांनी त्याचं सांगायचं राहून जायचं. ती नाही आली की पाव तास थांबून तो व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि सकाळी म्हणायचा, "आगं, ध्यानातच न्हाय राहिलं बग." नवऱ्याला फोन करावा तर तो म्हणायचा, भावाला विचार. यात खोटं कुठं पकडणार? विसरणं हा काही गुन्हा नाही. मला मात्र ते ऐकून दर वेळी संताप यायचा, कारण माणूस स्वतःच्या फायद्याचंच कसं काय बरोबर विसरतो?

त्या आठवड्यात तिनं अर्ध्या एकरात मिरचीची रोपं लावली होती. लावताना शेजाऱ्याच्या विहिरीचं थोडं पाणी मिळालं, पण त्यानंतर तीन-चार दिवसांत जे दुसरं पाणी द्यावं लागतं, ज्याला आमच्याकडे आंबवणी म्हणतात, ते पाळीवरच अवलंबून होतं. एप्रिलच्या उन्हात आंबवणी चुकली की रोप मान टाकतं, आणि साडेआठ दिवसांनी येणारं पाणी मग वाळक्या काड्यांना पाजायचं. तिची पाळी कागदावर होती, सोमवार रात्री १.३०. फेऱ्याच्या पहिल्याच रात्री.

"ह्यो वाजल तवा माझीच पाळी आसंल ना?" तिनं विचारलं. "कुणाला इचारायला नगं ना?"

"कुणाला नाही. डोळे झाकून जायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचा."

तिनं फोन घेतला आणि आकडे दोनदा ओठांतल्या ओठांत वाचले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू बघून मला वाटलं, सतरा वर्षं क्लास घेतला तो याच्यासाठीच.

रात्री मी तात्यांकडे मुक्काम केला. सोमवारी पहाटे उठून त्यांच्याबरोबर पंपावर गेले. सहाला तात्यांनी नारळ फोडला, बटण दाबलं, नवी भरलेली मोटार घुमायला लागली. प्रसादाचं खोबरं तोंडात टाकत होते तेवढ्यात पैलवान आला. डोळे लाल, मिशा विस्कटलेल्या.

"ताई, तुमचा फोन येडा हाय बगा," तो लांबूनच ओरडला. "रातच्याला बाराला उठिवलं. बॅटरी घिऊन रानात गेलो. व्हॉल्व्ह फिरिवला तर आतनं नुसती हवा. पंपच चालू न्हाय तर पानी कुठनं यील?"

"दुसरंच काहीतरी वाजलं असेल," मी म्हणाले. माझ्या फायलीवर कुणी बोट ठेवलं की पहिलं उत्तर हेच असतं. मी त्याचा फोन घेऊन बघितला. सोमवार, रात्री बारा. कागदावर बघितलं. सोमवार, रात्री १२.००. दोन्ही तंतोतंत एक.

"बघा तात्या, कागदात आहे तेच फोनात आहे."

तात्या खोबरं चघळत पैलवानाला म्हणाले, "आरं, सोमवार रात हाय ना? मग काल कशाला गेलास? काल रविवारची रात हुती."

"पण तात्या, रात्री बारा वाजले की सोमवार लागला," मी म्हणाले.

"कुणाचा लागला? मी झोपलोबी न्हाय आन सोमवार लागला?" तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सूर्य उत्तरेला उगवतो म्हटलंय. "कारखान्यात रात आठची पाळी पहाटं चारला सुटायची. त्या गड्याची हजेरी कुठल्या तारखंला लावायचो आमी? आठला आला त्या तारखंला. मधी बारा वाजलं म्हनून कुनाची दोन दिसांची हजेरी मांडली का? चारला नवा गडी आला की नवा दिवस."

मी तिथंच एका दगडावर बसले. बरोबर होतं त्यांचं. त्यांचंच काय, वस्तीत सगळेच असं बोलतात आणि मीही असंच बोलते. 'सोमवारी रात्री दीडला पोटात दुखायला लागलं' म्हणते, तेव्हा मला सोमवार मावळल्यानंतरचीच रात्र म्हणायची असते. कॅलेंडरचा दिवस मध्यरात्री उलटतो आणि आमचा माणूस झोपून उठल्यावर. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि शनिवारी ते सूत्र लिहून चहा पिताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मध्यरात्र ते पहाटे चारमधल्या सगळ्या पाळ्या मी चोवीस तास आधी नेऊन ठेवल्या होत्या.

तात्यांनी रकाना बरोबर भरला होता. टिंबं त्यांची चुकली, पण दिवस माझा चुकला.

मग मला वहिनी आठवली, आणि मी तिच्या घराकडे धावले.

तिचं घर पंपापासून हाकेच्या अंतरावर. ती अंगणात शेण काढत होती. फोन कुठं दिसत नव्हता. मी विचारलं, "वहिनी, काल रात्री फोन वाजला का?"

"वाजला की."

"मग?"

"काय न्हाय," ती म्हणाली. खराटा चालूच. मी तिथंच उभी राहिले. मग ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गेली हुती. पानी न्हवतं. तासभर बसली व्हॉल्व्हपाशी, म्हनलं यील. मग आली माघारी. मलाच वाचता आलं न्हाय वन्सं. एकाचं सात वाचलं आसंल न्हायतर तारीख चुकली आसंल. तुमी एवढं समजावलं आन मी येडी."

पैलवानानं फोनला वेडा म्हटलं होतं. तिनं स्वतःला म्हटलं. एकच चूक, माझी, आणि ती दोघांच्या दारात दोन वेगळ्या तोंडांनी गेली होती.

"आणि आता?" मी विचारलं.

"फोन ठिवला पेटीत. सकाळी भावजींना इचारलं, माझी पाळी कवा. त्ये म्हनलं, सांगीन की, एवढी काय घाई."

म्हणजे एका रात्रीत ती होती तिथंच परत गेली होती. माझा फोन पेटीत आणि पाळी दिराच्या जिभेवर. खरी पाळी त्याच रात्री दीडला होती. दीर सांगायला विसरणार, हे मला स्टँपपेपरवर लिहून देता आलं असतं. मिरची जाणार होती, आणि मिरचीबरोबर तिचं ते ओठांतल्या ओठांत आकडे वाचणंही जाणार होतं. मिरची पुन्हा लावता येते. त्या दुसऱ्या गोष्टीचं मला सांगता येत नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बरोबर वाचलं," मी म्हणाले. "माझं चुकलंय. तुमची पाळी आज रात्री दीडला आहे."

ती हसली. माझी समजूत काढण्यासाठी हसतात तसं. "ऱ्हाऊ द्या वन्सं. तुमचं कसं चुकंल?"

इतकी वर्षं मी कमावलेली फुशारकी माझ्यावरच उलटली होती. मी कधी चुकत नाही हे मी इतकं पटवून ठेवलं होतं, की आता चुकले म्हटलं तरी कुणी मानायला तयार नव्हतं.

मी तडक परत फिरले. आधी काम. लॅपटॉप पंपाच्या खोलीतच होता. रकान्यात एक सूत्र वाढवलं: वेळ पहाटे चारच्या आतली असेल तर तारखेत एक दिवस मिळव. चारच का, तर तात्यांच्या हजेरीबुकात दिवस चारला बदलतो म्हणून. या वेळी मी एकेक ओळ तात्यांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते आणि दर ओळीला मान हलवत होते. एका ओळीला त्यांनी मान हलवली नाही. तिथं त्यांनीच टाइप करताना दुपारीऐवजी रात्री लिहिलं होतं. तेही दुरुस्त केलं.

"आता ज्यांच्या पाळ्या बदलल्या त्यांना देवळापाशी बोलवायला लागेल," मी म्हणाले. "भोंग्यावरून सांगू."

आमच्या वस्तीवर कुणाची शेळी हरवली, रेशन आलं, डॉक्टर आले, सगळं देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. बहुतेक वेळा तात्याच सांगतात. त्यांनी चष्मा पुसला. "मी सांगतो. फोनात बिघाड झाला म्हनतो. तू माहेरवाशीन, तुझं नाव कशाला मधी?"

"नाही तात्या. माईक माझ्याकडे द्या."

देवळात जाऊन मी माईक हातात घेतला. चाळीस जणांसमोर रोज बोलणारी मी, पण 'माझं चुकलं' हे शब्द वर्गात कधी उच्चारले नव्हते. विद्यार्थ्यानं चूक दाखवली तर मी म्हणायचे, छान, मी मुद्दाम ठेवली होती, कोण पकडतं ते बघायला. आता मुद्दाम म्हणायची सोय नव्हती.

मी माईकमध्ये फुंकर मारली आणि बोलले, "सगळ्यांनी ऐका. फोनात टाकलेल्या पाळ्यांत मध्यरात्रीनंतरच्या पाळ्या एक दिवस आधी पडल्या आहेत. फोनात बिघाड नाही. फाईल मी केली, चूक माझी आहे. काल रात्री जे फोन वाजल्यावर रानात गेले, त्यांनी बरोबर वाचलं होतं. ते वेळेवर गेले होते. त्यांची खरी पाळी आज रात्री आहे. फोन घेऊन देवळापाशी या, मी दुरुस्त करून देते." आणि मग, आवाज आपोआप चढला म्हणून असेल, पुढंही बोलले, "आणि आज रात्री बारा ते साडेचार, पहिला नंबर पैलवानांचा, दुसरा वहिनींचा दीडला, तिसरा त्यांच्या दिरांचा तीनला. सगळ्या वस्तीनं ऐकलंय. आता कुणी विसरायचं कारण नाही."

तात्यांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

लोक आले. थट्टा व्हायची ती झालीच. पैलवान म्हणाला, "ताई, आमी फोनला येडा म्हनलो, तुमी मनाला लावून घिऊ नका." मी म्हणाले, लावून घेतलंय, पुढच्या खेपेला तुमचा आवाज बंदच ठेवते. एकेकाचं 'पाणी' कॅलेंडर पुसलं, नवी फाईल घातली. वेगळं कॅलेंडर केलं होतं म्हणून दहा सेकंदांत पुसता आलं, नाहीतर जुन्या नव्या दोन्ही पाळ्या वाजत बसल्या असत्या. चुकले होते, पण परतीची वाट ठेवली होती, एवढं श्रेय मी स्वतःला देते.

वहिनी आली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. दुपारी बाराला ती आली, डोक्यावर पदर, हातात फोन. पेटीतून काढलेला, कपड्यांतल्या डांबरगोळीचा वास येणारा. मी फाईल घालून तिच्या हातात दिला. तिनं आकडे वाचले, या वेळी मोठ्यानं. "सात तारीख, एक तीस. म्हंजे आज रातच्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भोंग्यावर बोललात ते मला रानात ऐकू आलं. मी बरूबर वाचलं हुतं व्हय?"

"अगदी बरोबर."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि गेली.

मला मंगळवारी सकाळी क्लास होता, म्हणून संध्याकाळी मी कोऱ्हाळ्याला परतले. सकाळी सातला चहा गाळत होते तेव्हा तिचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत तिनं सुरू केलं. पाणी पार शेवटच्या सरीपर्यंत पोहोचलं. एकही सरी कोरडी राहिली नाही. दीर पावणेदोनला आला होता, तिला व्हॉल्व्हपाशी उभी बघितलं आणि बांधावर जाऊन बसला, तीन वाजेपर्यंत. मी म्हणाले, "बसू दे. मोकळ्या हवेत बरं असतं." ती इतकी हसली की माझा चहा सांडला.

मिरची लागली, तोडे झाले, ते सगळं रीतसर झालं. दोन महिन्यांनी तात्यांनी पुढचं पाळीपत्रक पाठवलं. टिंबं नव्हती, तारखा नीट होत्या, रात्रींचं सूत्र जागेवर होतं. मी या वेळी माहेरी न जाता बारामतीतूनच सगळ्यांना फाईल पाठवली. घाई होती, आणि खरं तर आता यात काय चुकणार असं वाटत होतं.

तीन दिवसांनी, नवं पत्रक लागू व्हायच्या दिवशीच, सकाळी भर वर्गात फोन वाजला. वहिनीचा होता. मी वर्गात फोन घेत नाही, पण तिचा घेतला.

"वन्सं, फोन म्हंतोय आज सायंकाळी सातला पाळी," ती म्हणाली.

मी समोरच्या पडद्यावर फाईल उघडली. वरच्या ओळीत घड्याळाचा देश लिहिलेला असतो, तो कोरा राहिला होता. कोरा राहिला की कॅलेंडर वेळ ग्रीनिचची धरतं आणि आपल्याकडे आणताना तिच्यात साडेपाच तास मिळवतं. दुपारी दीडचे सात झाले होते. सगळ्या वस्तीचे असेच. मला हे दिसायच्या आधी ती मात्र बोलून मोकळी झाली होती. तिच्या आवाजात भीती नव्हती, शंका नव्हती, उलट जरा घाई होती. रानात उभी राहून बोलत असावी.

"साडेआठ दिस मी बोटांवर मोजलं. माझी पाळी दुपारी दीडला हाय. तुमचं काय तरी चुकलंय बगा," ती म्हणाली. "भावजींना मी सांगितलंय, तुमची तीनला हाय, फोनकडं बगू नगा."